कुंदाचा टच

२८ ऑक्टोबर १९९५, शनिवार. धुळे

दिवाळीची सुट्टी संपून आमची टायपिंग इन्स्टिट्यूट उघडली. सकाळच्या बॅचला पोरांपेक्षा मशिनं जास्त. समोर कॉम्प्युटर क्लासची पाटी लागल्यापासून असंच चाललंय. पण त्याचं रडगाणं गायला मी आज वही उघडलेली नाही.

कॉन्व्हेंटमधल्या मिस परेरांनी आज मला बोलावून घेतलं. आमची कुंदा शाळेत होती तेव्हापासून त्यांच्याकडे पियानो शिकते. आता ती बावीसची झाली आणि मिस जानेवारीत रिटायर होऊन गोव्याला निघाल्या. त्यांच्या जागी कुंदाला घ्यावं म्हणून त्यांनीच खटपट केली होती. सप्टेंबरात चाचणी झाली आणि आमच्या कन्यारत्नानं ती घालवली. मी हॉलमध्ये मागे बसलो होतो. बोटं पडताना दिसत होती, पण निम्मे स्वर वाजलेच नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी ती एका प्लास्टिकच्या कीबोर्डवर सराव करते. त्याला फुंकर मारली तरी तो वाजतो. शाळेच्या पियानोच्या कळा जड, आणि तिथं बसायला मिळतं ते फक्त शनिवारी.

मिस म्हणाल्या, "मिस्टर पाटील, मी हेडमिस्ट्रेसकडून अजून एक चान्स मागून घेतलाय. सोळा डिसेंबर. तेव्हाही नाही जमलं तर नाशिकची एक मुलगी ठरलेली आहे. कुंदाला सगळं येतं हो, फक्त टच नाही. घरी वेटेड की असलेला डिजिटल पियानो आणा. कळ जड असली की टच येईल."

टच! एवढंच? अहो, मी जन्मभर दुसरं काय शिकवलं? धुळ्यात टच मेथड म्हणजे पाटील सर. कीबोर्डकडे न बघता सगळी बोटं चालली पाहिजेत आणि कागदावर प्रत्येक अक्षराचा ठसा एकसारखा उमटला पाहिजे. कुंदाला टच नाही, म्हणजे ती बघून वाजवते आणि तिचे ठोके उणेअधिक पडतात. रोग कळला, आता औषध आणायचं.

ही नोकरी हुकली तर मिस गेल्यावर पोरीला खऱ्या पियानोला हात लावायला अख्ख्या खानदेशात जागा राहणार नाही. दिवाळीत तिनं फराळाचं ताटही पुढे ओढलं नाही, ते मी बघितलंय.

३० ऑक्टोबर, सोमवार

कुंदाला घेऊन जळगावला जाऊन आलो. दुकानदारानं मोठ्या कौतुकानं एक कीबोर्ड काढला. त्यात म्हणे सगळे आवाज आहेत, कुत्रं भुंकण्याचासुद्धा. मी म्हटलं, कुत्री आमच्या गल्लीत फुकट भुंकतात, तुम्ही वेटेड कळांचं बोला. तो म्हणाला, "वेटेड ना साहेब? उचलून बघा, कसला वजनदार आहे!"

याला आता काय सांगायचं? पेटी जड नको, कळ जड हवी. आत स्प्रिंगऐवजी छोटी हातोडी असते. कळ दाबली की ती उचलावी लागते, म्हणून बोटाला वजन जाणवतं. हे मला मिसनी समजावलं होतं, ते मी त्याला समजावलं. कुंदानं एक कळ दाबली आणि लगेच हात मागे घेतला. एसटीनं रिकाम्या हातांनी परत आलो.

२ नोव्हेंबर, गुरुवार

देवपुरातल्या रुपचंद ऑर्केस्ट्रावाल्याकडे वेटेड कळांचा एक पियानो विकायला आहे असं कळलं. गेलो. जुनं मशीन विकत घेताना जसं तपासतो तशीच प्रत्येक कळ डावीकडून उजवीकडे तपासली. हळू दाबली, सोडली, आपोआप वर येते का ते पाहिलं. आडवी हलवून खिळखिळी झालीय का ते पाहिलं. काही कळा एकदा दाबल्या की दोनदा वाजत होत्या, एक तर वर यायलाच तयार नव्हती. फटींमध्ये लग्नातली हळद बसलेली. टेम्पोत गावोगाव हिंडून बिचाऱ्याची हाडं मोकळी झालीत.

रुपचंद म्हणाला, "सर, लगीनमा इतलं कोन ऐकस?"

त्याचं खरं आहे. पण आम्हाला वरात काढायची नाहीये.

प्रमिला म्हणते, इतकी चिकित्सा करत बसलात तर डिसेंबर उजाडेल. बायको असून नेमकं दुखतं तिथंच बोट ठेवते.

५ नोव्हेंबर, रविवार

मिळाला! भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये एक रिटायर गार्डसाहेब सामान आवरून गोव्याला निघालेत. त्यांच्या मुलीचा पियानो. ती लग्न होऊन गेली, हा मागे राहिला. अंगावर चादर, धूळ नाही, पायाचं पेडल जागेवर, मूळचा अडॅप्टर आणि सोबत व्होल्टेज स्टॅबिलायझर. मी पहिल्या कळेपासून शेवटच्या कळेपर्यंत गेलो. एकही डगमगली नाही. डावीकडच्या कळा उजवीकडच्यापेक्षा थोड्या जड लागल्या. मला वाटलं, सापडली खोट! पण गार्डसाहेब म्हणाले, खऱ्या पियानोतही असंच असतं, खर्जाच्या हातोड्या मोठ्या असतात. कुंदानंही मान हलवली. भाव आमच्या ऐपतीत बसला. त्यासाठी इन्स्टिट्यूटमधली दोन मशिनं काढावी लागतील, पण तशीही त्यांच्यावर बसतंय कोण?

एका गोष्टीवरून मात्र आमचं जमलं नाही. त्याला एक बटण आहे, त्यावर चक्क 'टच' असं लिहिलेलं, शेजारी तांबडा दिवा. गार्डसाहेब म्हणाले, "ये हमेशा चालू रखना. उंगली हल्की तो आवाज हल्का, उंगली भारी तो आवाज भारी." कुंदा तसं वाजवायला बसली. हलके स्वर जेमतेम ऐकू येत होते. सप्टेंबर पुन्हा डोळ्यासमोर उभा राहिला. मी बटण बंद केलं आणि म्हटलं, आता वाजव. प्रत्येक स्वर ठणठणीत! एकही गिळला नाही, नव्या रिबनीवर टाइप केल्यासारखे सगळे सारखे उमटले. मशीनमध्येच सोय आहे, तर ती वापरायची नाही होय? आणि टच हाताला असावा लागतो, बटणाला नाही. गार्डसाहेबांना रेल्वे कळते, पण शिकवणं वेगळं.

७ नोव्हेंबर, मंगळवार

पियानो घरी आला. आमचे मोठे बंधू भाईदासभाऊ भडगावला केळी करतात. त्यांनीच आपल्या टेम्पोतून आणला, वर गोधड्या, खाली केळीची पानं. गल्लीतली सगळी पोरं दारात.

टच बटणावर मी काळी चिकटपट्टी लावून टाकली. चुकूनही हात लागायला नको. कुंदानं पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी विचारलं, "आवडला ना?"

"पियानो खूप छान आहे, नाना," ती म्हणाली.

मला फार बरं वाटलं. संध्याकाळी लाईट गेली म्हणून आज सराव नाही.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

सराव जोरात. इन्स्टिट्यूटमध्ये नवीन पोरांच्या हातांवर आम्ही लाकडी झाकण ठेवतो, कळा दिसू नयेत म्हणून. तसंच एक लांबलचक झाकण पुठ्ठ्याचं करून घेतलं. मी शेजारी खुर्ची टाकून बसतो आणि टेबलावर फूटपट्टीनं ठेका देतो. "एकसारखं! खाली चार कार्बन आहेत असं समज, चौथ्यावरही उमटलं पाहिजे!"

पोरगी जिद्दीची आहे. पहिल्या दिवशी बोटं अडखळत होती, आता सरळ रेषेत चालतात. प्रमिला स्वयंपाकघरातून म्हणाली, "गाणं वाटत नाही ते." मी म्हटलं, परीक्षा आहे, गाणं नंतर.

२० नोव्हेंबर, सोमवार

बटणावरची पट्टी पुन्हा सुटली होती. थंडीनं डिंक धरत नाही. आज जाड पट्टी लावली.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

प्रमिलानं सकाळी हाताला धरून मला कुंदाजवळ नेलं. चिडली की तिला माहेरची बोली येते. "पोरना हात सुजी गया, दखा जरा!"

मनगट खरंच सुजलं होतं. मी बाम लावला, एक दिवस सुट्टी दिली. हात गेला तर? पण विश्रांती दिली तर सोळा तारीख? कोणाला विचारावं कळेना. शेवटी ठरवलं, सराव थांबवायचा नाही, फक्त थोडा कमी करायचा.

२६ नोव्हेंबर, रविवार

भाऊ बाजाराला म्हणून धुळ्याला आले होते. मी परीक्षेच्या सुपरव्हिजनला गेलेलो, परत आलो तर भाऊ ओट्यावर डोळे पुसत बसलेले. म्हटलं, काय झालं?

"काही नही रे. तू घर नव्हता तवय पोर असं वाजाडे, मना डोयामा पानी उनं."

मी म्हटलं, भाऊ, तुम्ही बैल विकतानाही रडता.

ते हसले नाहीत. "चुडामण, बठ्ठं तूच ठरावस. पोरले इचारं का तू, तिले कसं वाजाडनं शे?"

सगळं म्हणे मीच ठरवतो, पोरीला विचारत नाही! आता केळीवाल्यानं टच मेथडवर बोलायचं! मोठे आहेत म्हणून गप्प बसलो. आत गेलो तर पट्टी पुन्हा सुटलेली. बाजारातली एक वस्तू धड मिळत नाही.

३ डिसेंबर, रविवार

आज घरात मोठा वाद झाला. कुंदा म्हणाली, "नाना, संध्याकाळी तुम्ही जरा इन्स्टिट्यूटमध्येच थांबाल का? मी एकटी सराव करते."

माझं डोकंच फिरलं. मी दोन मशिनं कुणासाठी विकली? रोज खुर्ची टाकून बसतो ते काय हौस म्हणून? एकटीनं सराव करून सप्टेंबरात काय दिवे लावले ते सगळ्यांनी पाहिलं. हे सगळं मी तिला बोललो. नको तेवढ्या मोठ्या आवाजात बोललो.

ती गेल्यावर प्रमिला म्हणाली, "शाळेच्या पियानोला ते बटण आहे का हो?"

मी म्हटलं, नाही, पण तोवर हात बसलेला असेल. तिचा तो प्रश्न मला दिवसभर पुरला.

९ डिसेंबर, शनिवार

कुंदा शाळेतून आली ती चेहरा उजळूनच. कितीतरी दिवसांनी अशी दिसली. मिस काय म्हणाल्या विचारलं. "म्हणाल्या, घरचा सराव दिसतोय."

मी गल्लीतून दोन चकरा मारून आलो, छाती काढून. वाण्यानं विचारलं, सर, आज लई खुशीत?

१५ डिसेंबर, शुक्रवार

उद्या. मला भीती वाटते आहे, हे कुणाला सांगू? प्रमिलाला सांगितलं तर ती आणखी घाबरेल. कुंदाला सांगायची सोय नाही. तिच्या जागी मीच बसावं असं वाटतंय, आणि मला तर पियानोवरचं एक गाणं येत नाही.

आज संध्याकाळी तिनं वाजवलं, एकसारखं, स्वच्छ, चुकीला जागा नाही. मी म्हटलं, उद्या अस्संच. ती म्हणाली, "हो नाना." पण माझ्याकडे बघितलं नाही.

१६ डिसेंबर, शनिवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

हॉलमध्ये हेडमिस्ट्रेस, दोन सिस्टर, मिस परेरा आणि बाहेरून बोलावलेले एक म्हातारे गृहस्थ. नाशिकची मुलगी बाहेर बाकावर. मी शेवटच्या रांगेत. कुंदा बसली, हात ठेवले, आणि सुरू केलं ते इतकं हलकं की मला पुढे वाकावं लागलं. मग आणखी हलकं. मग जवळजवळ काहीच नाही. सप्टेंबर! पुन्हा तेच! एवढी मेहनत आणि पोरगी ऐन वेळी हात गाळतेय!

मी कधी उभा राहिलो ते मला माहीत नाही. "दाब, कुंदा! ठोका पडत नाहीये! एकसारखं!" माझा आवाज हॉलभर घुमला, इन्स्टिट्यूटमध्ये घुमतो तसा.

कुंदाचे हात थांबले. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा काढला. कुंदा वळली नाही. पाठमोरीच म्हणाली, "नाना, तुम्ही बाहेर बसा."

रागावून नाही. शिपायाला खिडकी लावायला सांगावं तसं. मी बाहेर गेलो. शिपायानं दार लावून घेतलं.

वऱ्हांड्यात ती नाशिकची मुलगी माझ्याकडे बघत होती. मी तिची पर्वा न करता दाराला कान लावला. कुंदानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं होतं. तसंच हलकं. पण आता दार मध्ये असूनही मला ऐकू येत होतं, एकेक स्वर. काही निजल्यासारखे, काही जागे होत चाललेले. मग तो आवाज वाढत गेला, इतका की दाराची फळी गालाला थरथरताना लागली, आणि मग पुन्हा खाली आला, अगदी बेतानं. यातला एकही ठोका दुसऱ्यासारखा नव्हता. मला रडू आलं. भाऊंना हसलो होतो मी.

मिस बाहेर आल्या. मी म्हटलं, मिस, तुम्हीच म्हणाला होतात ना, तिला टच नाही? त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. "मिस्टर पाटील, टच म्हणजे तुमचं टायपिंगचं नव्हे हो. बोट जसं सांगेल तसा स्वर येणं. हलका सांगितला तर हलका, पण ऐकू येणारा. त्यासाठी बोटात ताकद लागते. ती त्या जड कळांनी आली. पियानो तुम्ही उत्तम निवडलात."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं तिचं तिनं केलं."

त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. निकाल लगेच सांगितला नाही. हेडमिस्ट्रेस मिसना म्हणताना ऐकलं, मुलगी चांगली आहे, पण घरचे असे येऊन गोंधळ घालणार असतील तर विचार करावा लागेल.

घरी आलो तर बटणावर पट्टी नव्हती. कुंदानं सकाळीच काढली असणार. थंडीनं सुटत नव्हती ती कधीच. हे मला आज कळावं, याचंच मला आश्चर्य वाटतं.

१७ डिसेंबर, रविवार

कुंदा जेवली, झोपली, उठली. माझ्याशी बोलली नाही. मी कारण काढून तिच्या खोलीशी जातो आणि परत येतो. ती नोकरी माझ्या ओरडण्यानं गेली तर काय करायचं? प्रमिलानं मला एका शब्दानं टोचलं नाही. टोचलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

१८ डिसेंबर, सोमवार

दुपारी शाळेचा शिपाई निरोप घेऊन आला. जानेवारीपासून रुजू व्हायचं!

प्रमिलानं देवापुढे साखर ठेवली. मी उभ्या उभ्या खुर्ची शोधत होतो. कुंदा हसली, आईच्या गळ्यात पडली, मग माझ्या पाया पडली. मी म्हटलं, "पोरी, चुकलं माझं." ती म्हणाली, "असू दे नाना." मग म्हणाली, "आता मी सराव शाळेतच करत जाईन. मिस किल्ली देणार आहेत."

मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार?

२१ डिसेंबर, गुरुवार

पियानोवर गार्डसाहेबांची ती चादर. घर असं शांत की शेजारच्यांची भांडी ऐकू येतात. आज न राहवून विचारलं, "मी घरी नसलो तर वाजवशील का इथं?"

तिनं बराच विचार केला. "वाजवीन," म्हणाली.

२५ डिसेंबर, सोमवार

रोज संध्याकाळी मी इन्स्टिट्यूट बंद करून गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो. पिठाच्या गिरणीपाशी. जोरातलं तेवढं ऐकू येतं, हलकं सगळं गिरणी खाते. आज वाण्यानं विचारलं, "सर, कोनी वाट दखी ऱ्हायनात?" मी म्हटलं, कोणाची नाही, पोरगी वाजवते आहे. तो कान टवकारून म्हणाला, आते तर काहीच वाजत नही. मी म्हटलं, वाजतंय, इथवर येत नाही एवढंच.

२९ डिसेंबर, शुक्रवार

आज घरी जाऊन तिला सरळ विचारलं. आत येणार नाही, पण ओट्यावर बसू का? दार लोटलेलं राहू दे.

कुंदानं माझ्या हातांकडे पाहिलं. "बसा," ती म्हणाली, "पण ठेका धरायचा नाही."

मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो.